आपलं पार्सल घाट कसा चढतं? (आणि ते विजेवर चढू शकेल का?)

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

मागच्या आठवड्यात इंदूरच्या एका विक्रेत्याकडून मिक्सरचं भांडं मागवलं. मोबाइलवर त्याचा प्रवास बघत होते. इंदूर, मग भिवंडी, मग नाशिक. आता इंदूरहून भिवंडीला जाणारा ट्रक आग्रा रोडनेच येणार. म्हणजे माझं भांडं धुळं, मालेगाव, चांदवड करत आपल्या नाशिकच्या आडगाव नाक्यावरून, द्वारकेच्या पुलावरून पुढे गेलं. माझं घर तिथून स्कूटरवर दहा मिनिटं. ते तसंच घाट उतरलं, भिवंडीच्या गोदामात एक रात्र राहिलं, दुसऱ्या गाडीत बसलं आणि घाट चढून परत माझ्याकडे आलं. दोन्ही वेळा डिझेलवर.

तेव्हापासून डोक्यात हाच भुंगा आहे.

बाहेर काय चाललंय ते थोडं वाचून काढलं. अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ मध्ये युरोपसाठी मर्सिडीजचे दोनशेहून जास्त विजेचे अवजड ट्रक मागवले, त्यातले १४० हून जास्त एकट्या ब्रिटनसाठी. आपल्या देशात हीच कंपनी २०१९ पासून रेल्वेनेही पार्सलं पाठवते आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिने फक्त मालगाड्यांसाठी बांधलेल्या नव्या मार्गावरून, म्हणजे डीएफसीवरून, माल न्यायचं जाहीर केलं. फ्लिपकार्टने २०३० पर्यंत घरपोच वाटपाच्या सगळ्या गाड्या विजेच्या करायचं वचन दिलंय.

हे सगळं नाशिकपर्यंत कधी आणि कसं पोचेल? रेल्वेने, की विजेच्या ट्रकने? कसारा घाटात विजेचं इंजिन १९३० च्या सुमारास आलं. तारा आहेत, रूळ आहेत, नाशिक रोडसारखं स्टेशन आहे. तरी आपल्या दारातलं पार्सल डिझेलवरच का येतं, हे मला खरंच समजून घ्यायचंय. ट्रकवाले, रेल्वेवाले, डिलिव्हरीवाले, सगळ्यांनी लिहा. आणि आपण नाशिककरांनी काही मागायचं असेल तर नेमकं काय आणि कुणाकडे, तेही सांगा.

मिसळ_कट | मंगळवार, सकाळी ७.०५

शीर्षकात पार्सल वाचून मिसळीचाच धागा असेल म्हणून धावत आलो. असो, विषय चांगला आहे. बसतो इथेच, पाव आणतो.

घाटपायथा | मंगळवार, सकाळी ८.२०

आमची तिसरी पिढी रेल्वेत. आजोबांच्या वेळी घाटात जी विजेची इंजिनं होती त्यांना सगळे ‘खेकडा’ म्हणायचे. लांबट, दोन्हीकडे नाकं काढलेली, चालताना डुलायची आणि उभी असताना कण्हल्यासारखा आवाज करायची.

कसारा ते इगतपुरी चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. मेन लाइनवर एवढा चढ म्हणजे खूपच. म्हणून वर येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. इगतपुरीला ती सुटतात. पंचवटी एक्स्प्रेसने येणाऱ्यांना तो मागून बसणारा हलका धक्का ओळखीचा असेल.

ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. चढायला ताकद लागते ती विजेच्या इंजिनात आहे. आणि उतरताना हल्लीची थ्री-फेज इंजिनं ब्रेक लावतात तेव्हा मोटरच जनित्र होते आणि वीज परत तारेत जाते. एक गाडी उतरते तिच्या विजेचा हातभार दुसऱ्या चढणाऱ्या गाडीला लागतो. डिझेल ट्रक उतरताना काय परत देतो? जळक्या ब्रेकचा वास.

मालधक्का | मंगळवार, सकाळी १०.५०

पंचवीस वर्षं हुंडेकरी आहे. ट्रकवाल्याची बाजू मांडतो, राग मानू नका.

भिवंडी ते नाशिक साधारण १४० किलोमीटर. रात्री अकराला गाडी भरून निघाली की पहाटे तीन-चारला नाशिकच्या हबवर, म्हणजे कंपनीच्या वाटपाच्या गोदामात, लागते. माल एकदा चढला, एकदा उतरला. आता हेच रेल्वेने करा. गोदामातून छोट्या गाडीत, कल्याणच्या पार्सल ऑफिसला उतरवा, वजन करा, बिल्टी (मालाची पावती) करा, हातगाडीवरून फलाटावर न्या, डब्यात चढवा. नाशिक रोडला उतरवा, परत हातगाडी, परत छोटी गाडी, मग हब. सहा वेळा हात लागला. प्रत्येक हाताची मजुरी आहे आणि प्रत्येक हाताला एखादा खोका आपटतोच.

एवढ्या जवळच्या अंतराला रेल्वे परवडत नाही. पाचशे-हजार किलोमीटर असेल तर गोष्ट वेगळी.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी १.१५

राग कसला, हेच ऐकायचं होतं. पण मग इंदूर, नागपूर, कोलकात्याहून येणाऱ्या मालाचं काय? तो तर लांबूनच येतो ना?

द्राक्षवेल | मंगळवार, दुपारी ३.३०

लांबच्या अंतराला रेल्वे काय करू शकते ते नाशिकने पाहिलंय. ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल आपल्या देवळालीहून सुटली, बिहारमधल्या दानापूरला. १५१९ किलोमीटर, साधारण ३२ तास. पुढे ती मुजफ्फरपूरपर्यंत नेली.

आमच्या गटाने तेव्हा डाळिंब पाठवलं होतं. आम्हाला आवडलेली गोष्ट भाड्याची नव्हती. अख्खा ट्रक भरेल एवढा माल आमच्याकडे नव्हता, आणि तरी चालत होतं. तीस क्रेट असले तरी घ्यायचे. वाटेतल्या स्टेशनांवर थोडा चढायचा, थोडा उतरायचा. पार्सलची गाडी अशीच हवी. पुढे भाड्यावर ५० टक्के अनुदान मिळालं, तेव्हा गर्दी झाली. अनुदान थांबल्यावर शेतकरी परत ट्रककडे वळला, कारण ट्रक बांधावर येतो आणि देवळालीचा फलाट बांधावर येत नाही.

कांदाचाळ | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

द्राक्षवेल दादा, कांद्याचंबी सांगतो. २०२४ च्या ऑक्टोबरात आपल्याकडून दिल्लीला कांदा एक्स्प्रेस गेली. ४२ वाघिणी, १६०० टन. सरकारने तेव्हा हिशोब छापला होता : ५६ ट्रकांचा माल, रस्त्याने ८४ लाख आणि रेल्वेने ७० लाख २० हजार. एका रेकमागे, म्हंजी अख्ख्या मालगाडीमागे, १३ लाख ८० हजार वाचले. मी घरी कागदावर मांडलं. किलोला सव्वापाच रुपये पडायचे तिथं चार रुपये चाळीस पैसे. कांद्यात पंच्याऐंशी पैसे लई मोठे असतात.

पन कांदा एकदम १६०० टन जातो. ताईचं भांडं एकटं येतं. रेल्वेला एकटा गडी आवडत नाही, जत्रा आवडते.

मालधक्का | मंगळवार, संध्याकाळी ७.००

कांदाचाळ भाऊ, एका ओळीत सगळं सांगितलंत. ऑनलाइनवाल्याला रोज आठ-दहा टन, रोज त्याच वेळी पाहिजे. त्याला रेक नको, डबा पाहिजे.

जुना_आरएमएसवाला | मंगळवार, रात्री १०.२५

मी ३४ वर्षे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होतो. आता निवृत्त, नाशिक रोडलाच राहतो. गोदाकाठ यांचे भांडे भिवंडीला जाऊन परत आले हे वाचून झोप येईना, म्हणून लिहितो आहे.

आमच्या काळी टपालाचा डबा गाडीला जोडलेला असे. आत दोन्ही भिंतींना लाकडी खण, प्रत्येक खणावर गावाचे नाव. गाडी धावत असताना आम्ही उभ्याने पत्रे खणांत टाकायचो. भुसावळ सुटले की चाळीसगाव, नांदगावच्या पिशव्या बांधून तयार. मनमाडला काही पिशव्या उतरत, काही चढत. नाशिकची पिशवी नाशिक रोड यायच्या आधी दारापाशी ठेवलेली असे. गाडी थांबायची मिनिटे मोजकी. तरीही नाशिकचे पत्र मुंबईला जाऊन परत आले असे क्वचितच घडे आणि घडले तर त्याचा जाब द्यावा लागे. चालत्या गाडीत टपाल निवडण्याचा प्रयोग या देशात पहिल्यांदा झाला तो १८६३ मध्ये, अलाहाबाद ते कानपूर.

नागपूर, कोलकाता, भोपाळहून मुंबईकडे येणारी गाडी आधी मनमाड, मग नाशिक रोड, आणि मग कल्याण अशीच येते. म्हणजे आपला माल आपल्या फलाटावरून जातो. तो इथे उतरवायचा असेल तर तिकडे चढवतानाच नाशिकचा माल वेगळा, दाराजवळ, चढवला पाहिजे. आम्ही ते दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात हाताने करायचो. आता तर प्रत्येक खोक्यावर पट्ट्यांचा कोड असतो आणि तो कुठे जाणार हे यंत्राला आधीच ठाऊक असते.

पैठणी_येवला | मंगळवार, रात्री ११.०२

काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिला येवल्याच्या स्टेशनावर टपालाच्या पिशव्या फेकलेल्या आठवतात.

आम्ही पैठण्या ऑनलाइन विकतो. एक साडी म्हणजे किलोभर वजन, किंमत हजारोंची. ती रेल्वेने गेली काय आणि ट्रकने गेली काय, भाड्यात फार फरक पडत नाही. आम्हाला फरक पडतो तो विश्वासाचा. मागे एका कुरिअरकडून एक पैठणी चौदा दिवसांनी, पावसात भिजलेल्या खोक्यात परत आली. पदरावरच्या मोरावर डाग. विणणाऱ्या मावशींना ते दाखवायची हिंमत झाली नाही मला. म्हणून माझी मागणी एवढीच की उतरवायची जागा कोरडी, छप्पर असलेली असावी. मग गाडी कशावरही चालो.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ११.२०

मोरावर डाग वाचून पोटात कालवलं.

एकलहरे | बुधवार, सकाळी ९.१५

सगळे वीज-वीज करताहात म्हणून विचारतो. आमच्या गच्चीवरून औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. २१० मेगावॉटचे तीन संच, सगळे कोळशावर. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर काय येऊन बसतं ते आमच्या घरच्यांना विचारा. तुमच्या पार्सलचा धूर गंगापूर रोडवरून उचलून एकलहऱ्यात आणून ठेवणार असाल तर त्याला स्वच्छ म्हणायचं का? हा टोमणा नाही. आम्हाला खरंच उत्तर हवंय.

तिसरी_शिफ्ट | बुधवार, दुपारी १२.४०

एकलहरे, प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. मी अंबडला मोटर वाइंडिंगच्या कामात आहे, समजतं तेवढं सांगतो.

एक, लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं तेव्हा घर्षण फार कमी असतं. टायर डांबरावर दबतो, चेपतो, तापतो. त्यामुळे तेवढाच माल तेवढंच अंतर न्यायला रेल्वेला ट्रकच्या मानाने फारच थोडी ऊर्जा लागते. कोळशाची वीज धरली तरी हा फायदा उरतो. दोन, डिझेल इंजिन जळणातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून फेकून देतं, विजेच्या मोटरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास कामाला लागते. पण कोळशाच्या केंद्रातही निम्म्याहून जास्त वायाच जाते, त्यामुळे विजेच्या ट्रकचा फायदा रेल्वेएवढा मोठा नाही. तो ग्रीडमध्ये सौर आणि पवन वीज वाढेल तसा वाढत जाईल. डिझेल ट्रक मात्र पहिल्या दिवशी जेवढा धूर सोडतो त्याहून कमी शेवटच्या दिवशी सोडणार नाही.

तुमच्या पापडांचं दुःख यातून मिटत नाही, हे मान्य. चिमणीतून काय बाहेर पडतं त्यावर वेगळं भांडावंच लागेल, आणि त्यात मी तुमच्याबरोबर आहे.

आणि एक, तुमच्या एकलहऱ्यातच रेल्वेचा कर्षण मशीन कारखाना आहे. विजेच्या इंजिनांच्या मोटरी तिथे दुरुस्त होतात. घाट चढवणारी मोटर तुमच्या गावातून तंदुरुस्त होऊन जाते.

एकलहरे | बुधवार, दुपारी १.०५

माझे सासरे त्याच कारखान्यातून निवृत्त झाले. संध्याकाळी त्यांना हे वाचून दाखवतो. उत्तर पटलं, निदान अर्धं तरी.

रायडर_पंचवटी | बुधवार, रात्री ९.५०

मी रोज शंभरच्या आसपास पार्सल वाटतो. हबपासून दारापर्यंत माझं काम. आधी पेट्रोल बाइक होती, आता भाड्याची विजेची तीनचाकी. पेट्रोलचा खर्च गेला, पाठ कमी दुखते, मखमलाबादच्या चढाला पण जोर कमी पडत नाही. गाडी चांगली आहे.

अडचण घरी आहे. चार्जिंग कुठे करू? आमच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगला पॉइंट मागितला तर सोसायटी म्हणाली आग लागेल, वीजबिल कोण भरणार. वेगळा मीटर घेतो म्हटलं तरी नाही. मग मी तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायचो. ते जास्त धोक्याचं, मला पण कळतं. शेवटी हबवरच रात्री गाडी ठेवायला लागलो आणि घरी मित्राच्या मागे बसून जातो. सकाळी पुन्हा तसंच. दिवसाचा एक तास यातच जातो. पार्सलमागे पैसे मिळतात, तासामागे नाही. एक तास म्हणजे दहा-बारा पार्सल गेले.

मोठे ट्रक आणि रेल्वे विजेवर येतीलच. पण शेवटचे पाच किलोमीटर माझ्यासारखा माणूस जातो. त्याला रात्री एक प्लग द्या.

मिसळ_कट | बुधवार, रात्री १०.१०

भाऊ, मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. येत्या सभेत हा विषय मी स्वतः मांडतो. आमच्याकडे दोन मुलं अशीच वायर सोडतात आणि आम्ही त्यांना फक्त ओरडलो, सोय नाही केली. सुरक्षित पॉइंट आणि वेगळा मीटर, खर्च वापरणाऱ्याचा. यात अडण्यासारखं काही नाही.

रायडर_पंचवटी | बुधवार, रात्री १०.१४

दादा, मीटिंग झाली की कळवा. मी आमच्या सेक्रेटरींना दाखवतो.

गोदेवरून_टेम्सला | गुरुवार, पहाटे ३.३०

मूळ जेलरोडचा, आठ वर्षं इंग्लंडमध्ये. इथलं थोडं सांगतो, कारण बातम्यांत फक्त गोड बाजू येते.

इथे एक कंपनी जुन्या विजेच्या प्रवासी गाड्यांतल्या सीटा काढून त्यांत पार्सलच्या जाळीच्या ट्रॉल्या नेते, बर्मिंगहॅम ते स्कॉटलंड. कल्पना फार सुंदर आहे. गाडी साध्या फलाटाला लागते, ट्रॉल्या ढकलत आत-बाहेर. क्रेन नको, वेगळं यार्ड नको.

पण उलटंही घडतं. रॉयल मेलच्या स्वतःच्या विजेच्या टपालगाड्या होत्या, नव्वदच्या दशकात बांधलेल्या. त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केल्या. आणि २०२१ मध्ये विजेचे दर भडकले तेव्हा इथल्या एका मोठ्या मालगाडी कंपनीने तारांखालून डिझेल इंजिनं चालवायला घेतली. तारा डोक्यावर असून! इथल्या बऱ्याच मोठ्या मार्गांवर तर अजून तारा नाहीतच. आपल्याकडे ब्रॉडगेजचं ९९ टक्क्यांच्या वर विद्युतीकरण झालंय. या बाबतीत भारत इंग्लंडच्या कितीतरी पुढे आहे आणि हे मी इथे ऑफिसात सगळ्यांना सांगत असतो.

मालधक्का | गुरुवार, सकाळी ११.३०

ट्रॉलीची गोष्ट वाचून मी दोन दिवसांपूर्वी लिहिलेलं थोडं मागे घेतो. हात सहा वेळा लागतो कारण खोका सुटा असतो. गोदामातच जाळीच्या ट्रॉलीत भरला, तीच ट्रॉली डब्यात, तीच ट्रॉली हबवर, तर हात दोनदाच लागेल. फलाट आणि डब्याचा मजला एका पातळीत पाहिजे आणि मध्ये फळी टाकायला वेळ पाहिजे.

वेळेचं बोलू. मेल-एक्स्प्रेसच्या एसएलआरच्या, म्हणजे गार्ड आणि सामानाच्या डब्याच्या, एका कप्प्यात साधारण ४ टन माल बसतो. अख्खा पार्सल डबा लावला तर २३ टन. नाशिक रोडला बऱ्याच गाड्या दोन-पाच मिनिटं थांबतात. ४ टन माल सुट्या खोक्यांत पाच मिनिटांत उतरवून दाखवा, मी माझा गाळा तुमच्या नावावर करतो. मनमाडला थांबा जास्त असतो, पण मनमाडहून नाशिक परत ऐंशी-नव्वद किलोमीटर.

म्हणून माझं म्हणणं असं. लांबचा माल रेल्वेने, पण गाडीतून पळत उतरवायचा नाही. पार्सलचा डबा नाशिक रोडला किंवा देवळालीला कापून, म्हणजे गाडीपासून सोडवून, बाजूच्या लाइनीला लावायचा, दोन तासांत आरामात रिकामा करायचा, परतीचा माल भरून दुसऱ्या गाडीला जोडायचा. आणि भिवंडीचा माल ट्रकने, पण तो ट्रक विजेचा चालेल का, हे तुम्ही मला विचारा.

गोदाकाठ | गुरुवार, दुपारी २.००

विचारते. भिवंडी-नाशिक ट्रक विजेचा चालेल का, काका?

मालधक्का | गुरुवार, दुपारी ४.४५

चालेल. दुसरीकडे कुठे नाही चालला तरी या लाइनीवर चालेल.

कारण ही ठरलेली फेरी आहे. तेच अंतर, तीच वेळ, तेच दोन दरवाजे. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. आमणे म्हणजे भिवंडी तालुकाच. इगतपुरीचा आठेक किलोमीटरचा बोगदा झाल्यापासून जुन्या घाटाचा चढ, वळणं, पावसाळ्यातलं धुकं, सगळं चुकतं. जाऊन-येऊन २८० किलोमीटर. गोदाकाठ यांनी सांगितलेले ते युरोपातले ट्रक एका चार्जिंगवर ५०० किलोमीटर जातात म्हणे. आपल्याकडचे कमी जातील, तरी दिवसभर हबवर उभे असतात तेव्हा चार्ज होऊ शकतात.

मग मी का घेत नाही? किंमत डिझेलच्या दुपटीहून जास्त. केंद्राच्या विजेच्या गाड्यांसाठीच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत मोठ्या ट्रकला ९ लाख ६० हजारांपर्यंत मदत आहे, पण जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला लागतो. माझा जुना ट्रक म्हणजे पोरीच्या लग्नाची पुंजी आहे, तो विकून मिळतात त्याच्या पावपट भंगारात मिळतील. ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या मोटारींना आणि बसना समृद्धीवर टोल माफ झाला. मालवाहू गाड्यांना नाही. रोज रात्री टोल भरतो त्या माणसाला वगळलं. आणि सगळ्यात मोठं, ऑनलाइनवाले आम्हाला वर्षाचा करार देतात, बँकेचा हप्ता पाच वर्षांचा. कंपनीने पाच वर्षांचा करार लिहून द्यावा, मी उद्या ट्रक बुक करतो.

तिसरी_शिफ्ट | गुरुवार, संध्याकाळी ५.३०

काका, या पाच वर्षांच्या करारावर सगळं अडलंय, हे एवढं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. कंपन्या जाहिरातीत हिरवं पान लावतात. ते पान खरं करायचा धोका मात्र तुमच्या हप्त्यावर ढकलतात.

द्राक्षवेल | गुरुवार, रात्री ८.१५

डीएफसीबद्दल एक गैरसमज दूर करतो, कारण गावात बरेच जण विचारतात. पश्चिमेचा मार्ग दिल्लीजवळच्या दादरीपासून जेएनपीटी, म्हणजे न्हावा शेवा बंदरापर्यंत, १५०६ किलोमीटर. तो गुजरातमधून, वसईकडून येतो. नाशिक त्यावर नाही. आपल्याला जुन्याच लाइनीवर प्रवासी गाड्यांच्या मधून जागा शोधायची आहे. म्हणून मनमाड-जळगाव चौथी लाइन आणि मनमाड-इंदूर नवा मार्ग महत्त्वाचे. इंदूरचा ३०९ किलोमीटरचा मार्ग केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. तो झाला की गोदाकाठ ताई, तुमचं पुढचं भांडं इंदूरहून थेट रुळावरून येईल.

गोदाकाठ | गुरुवार, रात्री ८.४०

तोवर हे भांडं जुनं होईल. तरी चालेल.

कांदाचाळ | गुरुवार, रात्री ९.२०

निफाड साखर कारखान्याच्या जागेवर ड्राय पोर्ट, म्हंजी जमिनीवरचं मालाचं बंदर, व्हायचंय, त्याचं पन लिहा कुणी. तिथं रेल्वेची सायडिंग, म्हंजी माल चढवा-उतरवायची बाजूची लाइन, येणार म्हणत्यात. कांदा, द्राक्षं आणि तुमची पार्सलं एकाच धक्क्यावर आली तर जत्रा जमेल आणि रेल्वेला आवडेल. एकट्या पार्सलला डबा भरत नाही, तिथं आमचे क्रेट भरा.

जुना_आरएमएसवाला | शुक्रवार, सकाळी ६.१०

कांदाचाळ यांचा मुद्दा लाखमोलाचा. दिल्लीहून येणारा डबा खोक्यांनी भरलेला, परत जाताना तोच डबा फळांनी भरलेला. रिकामा डबा ओढण्यासारखे दुसरे पाप नाही, असे आमचे वरिष्ठ म्हणत.

गोदाकाठ | शनिवार, संध्याकाळी ७.५०

आज नाशिक रोड स्टेशनवर जाऊन आले. आरएमएसवाले काका बरोबर होते. (हो, काका आणि मी एकाच गल्लीत राहतो हे या धाग्यामुळे कळलं.) दीड तास पार्सलच्या बाजूला उभे होतो. एक लांबची गाडी आली, हमालांनी चार मिनिटांत जेवढं निघालं तेवढं काढलं. मोटारसायकली, औषधांचे खोके, कपड्यांचे गठ्ठे. एक जण आत उभा राहून खोके दाराशी सरकवत होता, गाडी हलली तेव्हा उडी मारून उतरला. मालधक्का काकांनी पाच मिनिटांबद्दल लिहिलं होतं ते डोळ्यांनी पाहिलं. आरएमएसवाले काका म्हणाले, “आमच्या वेळी पण असंच, फक्त पिशवी हलकी असायची.”

तर मूळ प्रश्नाकडे येते. नाशिक रोड स्टेशन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आहे, म्हणून पत्र तिथल्या विभागीय व्यवस्थापकांना लिहायचं ठरवलंय. मसुदा असा :

“नाशिक रोड अथवा देवळाली येथे पार्सल डबा कापून उभा करण्यासाठी लाइन, डब्याच्या मजल्याच्या पातळीचा आणि छप्पर असलेला फलाट, जाळीच्या ट्रॉल्या नेता येतील असा रस्ता, आणि त्याच आवारात विजेच्या छोट्या मालवाहू गाड्यांसाठी रात्रीच्या चार्जिंगची सोय करावी. परतीच्या डब्यात शेतमालास प्राधान्य द्यावे.”

दुसरं पत्र राज्याच्या परिवहन विभागाला, समृद्धीवर विजेच्या मालवाहू गाड्यांनाही टोल माफ करावा म्हणून. तिसरं ऑनलाइन कंपन्यांना, पाच वर्षांच्या करारासाठी आणि नाशिकचा माल नाशिकलाच उतरवण्यासाठी. त्यात माझ्या भांड्याचा प्रवास जसाच्या तसा जोडते.

दुरुस्त्या सुचवा. रविवारी रात्री पाठवते.

पैठणी_येवला | शनिवार, रात्री ८.०५

“छप्पर असलेला” वाचलं. धन्यवाद ताई. येवल्यातून आमच्या पंधरा विक्रेत्यांच्या सह्या पाठवते.

रायडर_पंचवटी | शनिवार, रात्री ११.३०

चार्जिंगच्या ओळीत “रायडरच्या स्वतःच्या गाडीसाठीसुद्धा” एवढं घाला. नाहीतर फक्त कंपनीच्या गाड्यांना लावतील.

मालधक्का | रविवार, सकाळी ९.४०

“नाशिक रोड अथवा देवळाली” असं लिहू नका. अथवा लिहिलं की दोन्हीकडे फाइल फिरत राहते. देवळाली लिहा. किसान रेल तिथूनच सुटायची, जागाही मोकळी आहे. आणि सहीच्या यादीत माझं नाव वर नको, हमालांची नावं वर घ्या. मी आज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन त्यांच्या सह्या आणतो.